एकाच किडनीचे दोन आकडे

परभणी जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे, शेती करतात. डाव्या कुशीत कित्येक महिने दुखत होतं, ते अंगावर काढलं. सोनोग्राफीत डावी किडनी सुजलेली दिसली आणि मूत्रनलिकेच्या वरच्या भागात ११ मिलिमीटरचा खडा अडकलेला सापडला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते त्या कचऱ्याचं रक्तातलं प्रमाण, १.४. किडनी किती काम करते हे मोजणारा डीटीपीए स्कॅन केला तर एकूण जीएफआर, म्हणजे किडन्यांचा गाळण्याचा वेग, ४१ आला, त्यात डावी १२ आणि उजवी २९. एका डॉक्टरांनी ‘डावी कामातून गेली, काढून टाकू’ असं सुचवलं. घरचे हादरले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या शहरात पुन्हा स्कॅन केला, तिथे एकूण ५८, डावी १७, उजवी ४१. आता खरं काय धरायचं? आणि दोन-दोनदा किरणोत्सर्गी औषध अंगात गेलं, त्याने उरलीसुरली किडनी बिघडायची तर नाही ना? जाता जाता त्यांनी आणखी एक वाक्य लिहिलंय: “पहिल्या वेळी नस सापडत नव्हती, तीनदा टोचलं, नंतर हात कोपरापाशी सुजला होता.”

सर, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच शेवटचं आहे. त्याकडे येतोच. आधी एक भागाकार करा. ४१ पैकी १२ म्हणजे २९ टक्के. ५८ पैकी १७ म्हणजे पुन्हा २९ टक्केच. तुम्हाला वाटतंय दोन रिपोर्ट एकमेकांना खोटं पाडताहेत. मला दिसतंय की ज्या गोष्टीवर तुमच्या वडिलांची किडनी राहणार की जाणार हे ठरायचं आहे, त्या गोष्टीवर दोन्ही रिपोर्टांचं एकमत आहे. एकूण कामातला डाव्या किडनीचा वाटा २९ टक्के. भांडण आहे ते फक्त एकूण किती यावर, आणि ते का झालं हे कळायला ही तपासणी आतून कशी चालते ते थोडं बघावं लागेल.

आपल्या दोन किडन्यांमधून मिनिटाला लिटरभराहून जास्त रक्त फिरतं. त्यातून निरोगी माणसात मिनिटाला शंभर-सव्वाशे मिलीलिटर पाणी गाळलं जातं, दिवसाकाठी साधारण १८० लिटर. यातलं जवळपास सगळं शरीर परत ओढून घेतं, उरलेलं दीड-दोन लिटर लघवी. गाळण्याच्या या वेगाला जीएफआर म्हणायचं. तो थेट मोजता येत नाही. त्यासाठी रक्तात असा एखादा पदार्थ सोडावा लागतो जो गाळणीतून सहज जातो, पण शरीर त्याला परतही घेत नाही आणि दुसऱ्या वाटेने बाहेरही टाकत नाही. डीटीपीए तसा आहे. त्याला टेक्नेशियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा अणू चिकटवला की तो जाईल तिथून गामा किरण सोडत राहतो, आणि पाठीखाली ठेवलेला गामा कॅमेरा त्याचा माग काढतो. चोरीला गेलेल्या बैलाच्या गळ्यात घुंगरू असावं तसं.

माणूस उताणा झोपतो, कॅमेरा पाठीकडून बघतो, कारण किडन्या पाठीला जवळ असतात. हाताच्या शिरेत इंजेक्शन दिलं की पहिल्या मिनिटात रक्त किडनीपर्यंत पोहोचताना दिसतं, दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटात किडनी औषध उचलताना दिसते, आणि मग वीस-तीस मिनिटं ते मूत्राशयाकडे उतरताना दिसतं. चांगल्या किडनीचा आलेख तीन ते पाच मिनिटांत शिखर गाठतो आणि उतरणीला लागतो.

आता जीएफआरचा आकडा कुठून येतो ते बघा, कारण गोम इथेच आहे. बहुतेक ठिकाणी गेट्स यांनी १९८२ साली मांडलेली रीत वापरतात. इंजेक्शन देण्याआधी भरलेली सिरिंज कॅमेऱ्यासमोर धरून मोजतात. दिल्यावर रिकामी सिरिंज पुन्हा मोजतात. वजाबाकी केली की ‘एवढं औषध अंगात गेलं’ हे कळतं. मग दुसऱ्या ते तिसऱ्या मिनिटात त्यातलं किती टक्के प्रत्येक किडनीने उचललं हे बघून सूत्रात घालतात, की आकडा तयार. रक्त काढायला नको, तासन्‌तास थांबायला नको. सोय मोठी आहे.

पण मशीन असं धरून चालतं की सिरिंजमधून गेलेलं सगळं औषध रक्तात गेलं. तुमच्या वडिलांचा हात सुजला, म्हणजे सुई शिरेतून निसटली होती आणि औषधाचा बराच भाग कोपराच्या कातडीखालीच राहिला. किडन्यांपर्यंत पोहोचलं कमी, मशीनने धरलं पूर्ण. साहजिकच ‘किडन्या कमी उचलताहेत’ असा हिशेब निघाला. डावी आणि उजवी दोघींचा आकडा सारख्याच पटीत खाली आला, म्हणून वाटा मात्र हलला नाही. मापच लहान असलं की दोन्ही पोती हलकी भरतात, पण कुठलं पोतं किती जड हे प्रमाण तेच राहतं.

तिसरा साक्षीदारही आहे. क्रिएटिनिन १.४, वय ६२, पुरुष, हे क्रिएटिनिनवरून जीएफआरचा अंदाज काढणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात घाला. उत्तर ५७ च्या आसपास येतं. दुसऱ्या स्कॅनचा ५८ त्याच्याशी जुळतो, पहिल्याचा ४१ जुळत नाही. एक बारीक गोष्ट: सूत्राचा आकडा १.७३ चौरस मीटर पृष्ठभाग असलेल्या शरीराला धरून असतो. आपल्याकडचा सडपातळ शेतकरी दीड-पावणेदोनच्या मधे कुठेतरी बसतो. स्कॅनच्या रिपोर्टात तसा ‘नॉर्मलाइज्ड’ आकडा वेगळा दिलाय का ते खाली बघा, आणि तुलना करताना सारख्याला सारखं लावा.

इंजेक्शन शिरेबाहेर गेलं तर हे स्कॅन करणाऱ्या आमच्यातल्या माणसाने कोपराचा एक फोटो कॅमेऱ्यावर काढून ठेवावा आणि रिपोर्टात तसं लिहावं, अशी चांगली सवय आहे. पहिल्या रिपोर्टात ते नाही. घाई असते, बाहेर पंचवीस माणसं बसलेली असतात, हे मला माहीत आहे. पण त्या न लिहिलेल्या एका ओळीपायी तुमच्या घरात तीन आठवडे कुणाला झोप लागली नसेल.

दुसऱ्याला बोलतोय तर स्वतःचंही सांगतो. काही वर्षांपूर्वी लातूरकडच्या एक मावशी मुलाला किडनी द्यायला निघाल्या होत्या. दात्याच्या तपासणीत जीएफआर बघावाच लागतो. नव्वदच्या वर असला तर साधारण निर्धास्त, साठच्या खाली असला तर नको, मधे असेल तर प्रत्येकाचं वय आणि बाकी तब्येत बघून ठरवायचं. आमचा रिपोर्ट ९४ गेला. सही माझी. दोन दिवसांनी किडनीच्या डॉक्टरांचा फोन: चोवीस तासांच्या लघवीतून काढलेला आकडा ७० येतोय, हे कसं? फाइल उघडली तर मावशींचं वजन ५७ किलो, संगणकात पडलं होतं ७५. किडनी पाठीपासून किती खोल आहे हे मशीन उंची-वजनावरून ठरवतं, आणि खोलीत एका सेंटिमीटरची चूक झाली तर मोजणी साधारण १४ टक्क्यांनी बदलते. वजन उलटं पडल्याने किडनी दीडेक सेंटिमीटर जास्त खोल धरली गेली आणि आकडा फुगला. खरं वजन घालून पुन्हा काढला तर ७४. त्या दिवसापासून वजनकाटा कॅमेऱ्याच्या खोलीतच आहे, आणि सही करण्याआधी मी क्रिएटिनिन शेजारी ठेवूनच आकडा वाचतो. दोन्ही जुळत नसतील तर आधी स्वतःवर संशय घ्यायचा.

किडनीभोवतीची रेघही टेक्निशियन हाताने आखतो. उजवीला यकृत खेटून असतं, डावीला प्लीहा. जी किडनी जेमतेम काम करते ती पडद्यावर इतकी फिकट दिसते की तिची कड कुठे हे ठरवताना दोन माणसांत फरक पडतोच. तेव्हा डावी १२ की १४ यावर डोकं फोडू नका. अगदी अचूक जीएफआर हवा असेल तर इंजेक्शननंतर काही तासांनी रक्ताचे नमुने काढून मोजायची रीत आहे. ती जास्त खात्रीची, पण वेळखाऊ म्हणून रोजच्या कामात क्वचित होते.

आता पाण्याबद्दल. आमच्या मराठवाड्यात या तपासणीचा सगळ्यात मोठा शत्रू यंत्र नाही, तहान आहे. उदगीरकडून आलेले एक मामा आठवतात, सकाळी सात वाजता दारात. ओठ पांढरे, जीभ कोरडी. विचारलं, पाणी कधी प्यालात? म्हणाले, “काल सांजच्याला. रातच्या गाडीत बसलो, पाणी पेलो तर गाडी कोण थांबवू लागलंय? अन्‌ तपासणी म्हणल्यावर निरंकारच यावं लागंल की.” उपाशीपोटी हा शब्द आपल्याकडे रक्त तपासणीपासून इतका मुरलाय की लोक पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यात चतुर्थी-एकादशी असली तर बघायलाच नको.

डीटीपीएला उपाशी राहावं लागत नाही. उलट अर्धा-पाऊण तास आधी दोन-तीन पेले पाणी पिऊन यायचं असतं, फक्त ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी आधी विचारायचं. कोरडं शरीर पाणी धरून ठेवतं. मग चांगली किडनीसुद्धा औषध लवकर सोडत नाही, आलेख वर चढतो आणि तिथेच रेंगाळतो. बघणाऱ्याला वाटतं पुढे अडथळा आहे. मामांना आम्ही दीड तास बसवलं, पाणी पाजलं, पोहे खायला लावले आणि मग टेबलावर घेतलं. आलेख सरळ उतरला. सातलाच घेतला असता तर नसलेल्या अडथळ्यासाठी त्यांच्यामागे नळी टाकण्याचा विषय लागला असता.

अडथळ्याची शंका असली की मधेच फ्युरोसेमाइडचं, म्हणजे लघवी वाढवणारं इंजेक्शन देतात. मोठ्या माणसाला साधारण ४० मिलिग्रॅम. त्यानंतर किडनीतलं औषध निम्म्यावर यायला दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला तर वाट मोकळी, वीसपेक्षा जास्त लागला तर अडथळ्याचा संशय, मधलं सगळं ‘सांगता येत नाही’. लोक या आकड्यालाही जीएफआरसारखेच चिकटतात. पण जी किडनी मुळातच थकलेली आहे, मिनिटाला पंधरा मिलीलिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी गाळते, तिला हे इंजेक्शन दिलं तरी ती फारशी जोर धरत नाही. आणि जिचं पोट फुगून हौदासारखं झालंय तिच्यातलं पाणी निव्वळ आकारामुळे हळू निघतं. म्हणून शेवटी माणसाला उठवून, लघवी करायला लावून, पुन्हा एक फोटो घ्यायचा. उभं राहिल्यावर नुसत्या वजनाने किती उतरलं हे त्यात दिसतं. रिपोर्टात हा शेवटचा फोटो नसेल तर मागून घ्या.

तुमच्या वडिलांच्या दुसऱ्या रिपोर्टात डावीला निम्म्यावर यायला २४ मिनिटं लागली असं लिहिलंय. ते बाजूला ठेवा. ११ मिलिमीटरचा खडा सोनोग्राफीत डोळ्यांना दिसतोय, अडथळा आहे हे कळायला स्कॅनची गरजच नव्हती. स्कॅन हवा होता तो किडनीत जीव किती उरलाय हे बघायला.

आणि तो जीव क्रिएटिनिन सांगू शकत नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून निघणारा कचरा. दोन्ही किडन्या मिळून तो उपसतात, त्यामुळे एक आजारी पडली की दुसरी तिचा भार उचलते आणि रक्तातला आकडा बराच काळ हलत नाही. एकूण गाळण निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ या रकान्यात बसून राहू शकतं. ऊसतोडीला जाणाऱ्या, अंगावर मांस नसलेल्या बाईचं तर स्नायूच कमी, म्हणून कचराही कमी. तिचं १.१ आणि तालमीतल्या पोराचं १.१ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सोनोग्राफी आकार दाखवते, काम दाखवत नाही. ठसठशीत दिसणारी किडनी ढिम्म असू शकते, आणि पातळ कापडासारखी उरलेली किडनी अजून चांगली राबत असू शकते.

भीतीचं बोलतो आता. ‘किरणोत्सर्गी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हिरोशिमा येतं. आमच्या खात्यात रोज सकाळी काय होतं ते ऐका. शिशाच्या जाड आवरणात एक छोटा खांब असतो, त्यात मॉलिब्डेनम-९९ असतं. ते सतत टेक्नेशियम-९९एम तयार करत असतं. वरून सलाइन सोडलं की टेक्नेशियम तेवढं धुऊन खाली येतं, मॉलिब्डेनम खांबालाच चिकटून राहतं. जगभर या यंत्राला गाय म्हणतात आणि आमचे टेक्निशियन खरोखरच ‘धार काढली का?’ असं विचारतात. धार काढली की सहा तासांत निम्मं दूध परत भरतं, दिवसभरात जवळजवळ पूर्ण. मॉलिब्डेनम ६६ तासांत अर्धं होतं, त्यामुळे सोमवारी आलेली गाय शनिवारपर्यंत पाव हिश्शाच्या आसपास देते. दुभत्या जनावरासारखंच, फक्त वैरण लागत नाही. गाडी किंवा विमान चुकलं आणि नवी गाय वेळेवर पोहोचली नाही की आमचा आठवडा कोरडा जातो. तपासणीची तारीख पुढे ढकलली म्हणून लोक आमच्यावर चिडतात त्यातल्या निम्म्या वेळा कारण हे असतं. टेक्नेशियम हे माणसाने कृत्रिमरीत्या तयार केलेलं पहिलं मूलद्रव्य, तेही १९३७ साली इटलीतल्या पालेर्मो इथे मॉलिब्डेनमच्याच एका तुकड्यात सापडलं.

टेक्नेशियम स्वतः सहा तासांत निम्मं होतं. चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो, आणि तोवर डीटीपीए बहुतेक सगळं लघवीतून निघून गेलेलं असतं. एका स्कॅनला आम्ही साधारण ५ मिलिक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) देतो. त्यातल्या टेक्नेशियमचं वजन नॅनोग्रॅमच्या घरात, म्हणजे ग्रॅमचे अब्ज तुकडे केले तर त्यातले एक-दोन. सोबतचा डीटीपीए काही मिलिग्रॅम. एवढ्याने किडनी बिघडत नाही. हा गोंधळ का होतो तेही सांगतो: सीटी स्कॅनमध्ये शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध, ज्याला लोक ‘डाय’ म्हणतात, ते थकलेल्या किडनीला बाधू शकतं. आमच्या इंजेक्शनलाही लोक डायच म्हणतात, म्हणून त्याचं पाप याच्या माथी. यात आयोडीन नाही.

किरणांचा हिशेब सांगायचा तर एका डीटीपीएला अंदाजे १ मिलिसिव्हर्ट. जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून माणसाला वर्षभरात आपोआप जे मिळतं त्याची जगभरची सरासरी २.४ आहे. पोटाच्या एका सीटी स्कॅनला आठ-दहा सहज लागतात. दोनदा झालं म्हणून वडिलांच्या जिवाला घोर लावून घेऊ नका. त्या दिवशी भरपूर पाणी, वारंवार लघवी, संडासात दोनदा पाणी टाकायचं, आणि घरात गरोदर सून असेल तर त्या दिवसापुरतं तिला खेटून बसायचं नाही, तान्हं बाळ असेल तर मांडीवर घ्यायचं नाही. स्वतः गरोदर असलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने मात्र इंजेक्शनआधी सांगायलाच हवं. सासू शेजारी बसलेली असते म्हणून मुली गप्प राहतात, तेव्हा आमच्याकडे हा प्रश्न सिस्टर बाजूला नेऊन विचारते.

मुख्य प्रश्न: किडनी काढायची का? रुळलेला ठोकताळा असा की वाटा दहा टक्क्यांच्या खाली गेला असेल, वरून दुखणं, पू किंवा वाढलेलं ब्लडप्रेशर असेल, तर काढण्याचा विचार करतात. तुमच्या वडिलांचा वाटा २९ आहे. मिनिटाला १७ मिलीलिटर गाळणारी किडनी ६२ वर्षांच्या माणसाला उद्या कामाला येईल. उजवीला काही झालं तर डायलिसिस आणि त्यांच्यामधे हीच उभी राहील. माझं मत स्पष्ट आहे: आधी खडा काढा किंवा निदान नळी टाकून वाट मोकळी करा.

आणखी एक गोष्ट. अडथळा असताना घेतलेला स्कॅन किडनीला जरा कमीच गुण देतो. तुंबलेल्या किडनीचं काही नुकसान कायमचं असतं, काही दाबामुळे झोपी गेलेलं असतं, आणि आत पाणी भरलेलं असेपर्यंत कुठलं किती हे सांगता येत नाही. बीड जिल्ह्यातला एक पस्तिशीतला मुकादम आठवतो. डाव्या किडनीचा वाटा ९ टक्के, काढायची तारीखसुद्धा ठरली होती. मूत्ररोगतज्ज्ञांनी आदल्या आठवड्यात पाठीतून नळी घालून ती रिकामी केली, आणि सहा आठवडे थांबून परत पाठवलं. दुसऱ्या स्कॅनला २१ टक्के. पडद्यावर पहिल्या वेळी नुसतं काळं भोक दिसत होतं, कडेला फिकट कंगोरा. दुसऱ्या वेळी तोच कंगोरा जाड होऊन चंद्रकोरीसारखा उजळला होता. सगळ्यांचं असं होत नाही. बरेचदा ९ चे ९ च राहतात, आणि मग निश्चिंत मनाने काढता येते. पण न थांबता काढली असती तर कळलंच नसतं.

मधल्या काळात ताप, थंडी वाजून हुडहुडी, किंवा लघवी बंद, यातलं काहीही झालं तर स्कॅनबिन सगळं विसरून त्याच रात्री दवाखाना गाठायचा. तुंबलेल्या किडनीत जंतू शिरले तर माणूस तासांत खचतो. खडा पाडायला म्हणून पानफुटीची पानं आणि हुलग्याचं पाणी सुरू असेल, तर माझा त्यावर राग नाही, पण ११ मिलिमीटरचा खडा त्याने उतरण्याची वाट बघत महिने घालवू नका. कंबर दुखते म्हणून मेडिकलवरून गोळ्या आणून खाणं मात्र आजपासून बंद. त्या गोळ्या खरंच किडनी मारतात.

तुमच्या निमित्ताने इतरांसाठी दोन गोष्टी. लहान मुलांना वारंवार लघवीचा संसर्ग होत असेल तर डीटीपीएऐवजी डीएमएसए नावाचा वेगळा स्कॅन लागतो. ते औषध किडनीच्या कडेच्या भागात चिकटून बसतं, दोन-तीन तासांनी फोटो काढला की कुठे व्रण पडलेत ते दिसतं. ताप उतरल्या उतरल्या लगेच करू नये, चार-सहा महिने जाऊ द्यावेत, नाहीतर तात्पुरती सूजही व्रणासारखी दिसते. आणि किडनी फार थकलेली असेल किंवा मूल अगदी तान्हं असेल तर आम्ही डीटीपीएऐवजी ईसी किंवा मॅग-३ देतो. ही औषधं किडनी गाळण्यापेक्षा जास्त ओढून बाहेर टाकते, त्यामुळे चित्र स्वच्छ येतं.

आणि ज्यांना हा स्कॅन नको, त्यांच्याबद्दलही लिहायला हवं, कारण असे पुष्कळ येतात. वीस वर्षांचा मधुमेह, दोन्ही किडन्या सारख्याच लहान झालेल्या, क्रिएटिनिन सहा. अशा माणसाला डीटीपीए करून काय कळणार? दोन्ही सारख्याच थकल्यात, हे आधीच माहीत आहे. डायलिसिस कधी सुरू करायचं हे दम, सूज, पोटॅशियम, भूक यावर ठरतं, आमच्या आकड्यावर नाही. अशांना मी परत पाठवतो, तेव्हा ‘डॉक्टरसाहेब, एवढ्या लांबून आलो, करूनच टाका’ असा आग्रह होतो. ते पैसे जाण्या-येण्याला आणि औषधाला ठेवा असं सांगतो. काही ऐकतात, काही शेजारच्या शहरात करून येतात.

तुमच्यासाठी आता करायचं एवढंच: तिसरा स्कॅन लगेच करू नका, त्यातून नवीन काही निघणार नाही. दोन्ही रिपोर्ट आणि दोन्हींच्या सीडी घेऊन मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा, हात सुजल्याचं आणि २९ टक्क्यांचं त्यांच्या कानावर घाला, आणि वाट आधी मोकळी करता येईल का हे विचारा. खडा निघाल्यावर आणि आतली नळी काढल्यावर, सहा आठवडे ते तीन महिने सोडून, एकदा स्कॅन करा, आणि जमलं तर दुसरा स्कॅन झाला त्याच ठिकाणी, म्हणजे मशीन आणि रीत तीच राहील. नळी आत असतानाच करावा लागला तर ती आहे हे टेबलावर चढण्याआधी सांगा. मूत्राशय भरलं की त्या नळीतून लघवी उलटी वर चढते आणि आलेख फसवा येतो, म्हणून आम्ही तेव्हा कॅथेटर लावून घेतो. वडिलांना सकाळी चहा-नाश्ता करून आणा. रात्रीच्या गाडीने येणार असाल तर पाण्याची बाटली त्यांच्या हातात द्या, आणि गाडी थांबवायची वेळ आलीच तर कंडक्टरशी तुम्ही बोला.